मदत हवी आहे: ग्रंथालयाच्या प्रश्नपेटीत आलेल्या निनावी चिठ्ठीला उत्तर कसं द्यावं?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल आहे. अकरावीपासून एमएपर्यंतची मुलं आमच्याकडे येतात.

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या ओ'नील ग्रंथालयात एक भिंत आहे. मुलं तिच्यावर नाव न घालता कुठलाही प्रश्न चिकटवतात आणि उत्तर जणू ती भिंतच देते. उत्तरात बरेचदा तिथल्याच एखाद्या पुस्तकाची वाटही दाखवलेली असते. हे वाचल्यापासून डोक्यातून जाईना. शेवटी देवघेव काउंटरशेजारी पत्र्याची पेटी ठेवली आणि वर फलक लावला. सोमवारी पेटी उघडायची, गुरुवारी उत्तरं फलकावर.

सुरुवात फार छान झाली. 'महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ का लागतो?' अशी एक चिठ्ठी आली. साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, असं लिहून खाली उष्णतेवरच्या पुस्तकांचा वर्गांक, म्हणजे कपाटातली जागा सांगणारा विषयक्रमांक दिला, ५३६. एरवी त्या कपाटाकडे कुणी फिरकत नाही. त्या आठवड्यात तिथे तीन मुलं पुस्तकं चाळताना दिसली. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेलं 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

या सोमवारी मात्र वहीच्या फाटक्या पानावर हे निघालं: 'घरी माझं लग्न ठरवलंय. मला शिकायचंय. कुणाला सांगू?'

वय नाही, वर्ग नाही. फलकावर उत्तर लावलं तर ते वाचायला थांबणारी प्रत्येक मुलगी चारचौघांच्या नजरेत येणार. गाव लहान आहे. न लावावं, तर तिला वाटेल इथेही कुणी ऐकत नाही. एक सहकारी म्हणाले, वाचनकक्षाच्या नोंदवहीतल्या अक्षराशी ताडून बघा, पाच मिनिटांत सापडेल. सापडेलही. पण मला ते करायचं नाही. नाव कळणार नाही, या शब्दावर तिने ते लिहिलंय.

गुरुवार परवावर आलाय. असं काम कुणी केलंय का? काय लिहू, कुठे लिहू?

प्रतिसाद १
ताई, नोंदवहीला हात लावू नका, हे अगदी बरोबर. फलकावर फक्त तिचं उत्तर लावू नका. परीक्षेची भीती, पैशांची अडचण, घरचा दबाव अशा पाच-सहा गोष्टींवर मोठा कागद करा, त्यात हेही येऊ द्या. मजकूर नेमका हवा. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं ते लग्न लावणं गुन्हा आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर तिला स्वतःला फोन करता येतो. १८ पूर्ण असली तरी मर्जीविरुद्ध लग्न लावता येत नाही. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

प्रतिसाद २
मी शाळेच्या ग्रंथालयात होते. आम्ही असे नंबर खूणपट्टीवर छापायचो आणि देवघेवीत जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकात घालायचो, मुलगा असो की मुलगी. सगळ्यांकडेच असली की कुणी कुणाकडे बघत नाही. आणि तुमच्या विश्वासातल्या एखाद्या प्राध्यापिकेची ठरलेली वेळ त्यावर लिहा. चिठ्ठी माझीच होती, हे तिथे सांगावं लागत नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. खूणपट्टी आजच कार्डशीटवर कापायला घेते. आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडम बुधवारी तीन ते चार बसायला तयार झाल्या आहेत. एकच विचारायचं राहिलं: ही खूणपट्टी घरी पुस्तकात सापडली तर तिला त्रास होईल का? नंबरांच्या वर काय छापू, म्हणजे ती साधी ग्रंथालयाची पट्टी वाटेल?

प्रतिसाद २
वर ग्रंथालयाची वेळ आणि पुस्तक परत करायची तारीख. नंबर मागच्या बाजूला, ॲम्ब्युलन्स १०८ आणि पोलीस ११२ यांच्या ओळीत.