डी७२०० वरून फुल फ्रेमला जावं का?

रानवेडा: माझ्याकडे निकॉन डी७२०० आहे, सोबत १८-१४० किट लेन्स आणि २००-५००. भिगवणला पक्षी नि अधूनमधून नातेवाइकांची लग्नं, एवढंच. हॉलमध्ये आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे गेलं की नवरीच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा नॉइज दिसतो, म्हणून सेकंडहँड डी७५० (फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा) बघतोय, घेऊ का?

फ्लॅशवाला: लग्नांसाठी बिनधास्त घे भाऊ, साधारण एका स्टॉपचा फरक पडतो, म्हणजे दुप्पट आयएसओलाही नॉइज आत्ताएवढाच. पण नुसती बॉडीची किंमत बघू नको, तुझी १८-१४० डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची आहे, ती लावली की कॅमेरा आपोआप क्रॉपमध्ये जातो, सेन्सरचा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात, मग काय उपयोग. सोबत ५० एमएम १.८ लेन्स घे. आणि शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) बघूनच पैसे दे.

पाणकावळा: आणि पक्ष्यांचं काय? २००-५०० फुल फ्रेमचीच आहे, चालेल, पण आत्ता छोट्या सेन्सरमुळे ५०० ला जे ७५० सारखं जवळ दिसतंय ते जाणार. मी जुनी बॉडी विकून बसलो, पहिल्याच ट्रिपला फ्लेमिंगो ठिपक्याएवढे, होडीवाले काका म्हणाले अजून जवळ नेली तर उडतील.

रानवेडा: मग दोन्ही ठेवतो. घरी काय सांगायचं तेवढं सुचवा 😅