फुफ्फुसांच्या पुनर्वसनाचा मोठा लाभ मनाला होतो, मग तो चिठ्ठीवर का लिहिला जात नाही?

कृष्णाकाठ, सांगली
माझ्या आईने तासगावजवळच्या गावी 35 वर्षे चुलीपुढे काढली. विडीला तिने कधी हात लावला नाही, तरी तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार, झाला. धाप लागण्यापेक्षा धाप लागेल या धास्तीनेच ती अधिक खचली. आत दम कोंडला तर बाहेर हाक ऐकू जाणार नाही, म्हणून ती न्हाणीघराची कडीसुद्धा लावत नसे. मिरजेत पुनर्वसनाच्या कार्यक्रमात 8 आठवडे, आठवड्यातून दोनदा, तिच्याकडून चालण्याचा सराव आणि हातापायांचे व्यायाम करून घेतले गेले, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवले गेले. अखेरीस स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीचे, आकडे होते तेथेच राहिले, आणि ते राहणारच होते, कारण फुफ्फुसांची झालेली हानी या उपायाने भरून येत नाही. परंतु 6 मिनिटांत ती पूर्वीपेक्षा बरीच दूर चालू लागली आणि कडी लावून आंघोळ करू लागली.

भीतीने श्वास उथळ व जलद होतो, आधीची हवा पुरती बाहेर पडत नाही, धाप वाढते आणि धापेने भीती वाढते. मग माणूस हालचालच टाळतो, पायांचे स्नायू क्षीण होतात आणि उंबरठा ओलांडतानाही दम लागतो. हे चक्र केवळ श्वासातून औषध ओढण्याच्या पंपाने तुटत नाही. म्हणून डॉक्टरांनी पुनर्वसन पंपाइतक्याच आग्रहाने, आणि मनासाठी म्हणूनही, लिहून द्यावे.

मिरजेचा वाचक
आपल्या आईंना उतार पडला याचा आनंद आहे, तरीही आपला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. त्यांना भीती होती. नैराश्य हा वेगळा आजार आहे. ज्याला अंथरुणातून उठावेसे वाटत नाही, तो व्यायामाला येतच नाही, आणि आला तर मध्येच सोडून देतो. व्यायाम सांगितला म्हणजे मनाचे काम झाले असे डॉक्टर धरून चालले, तर ज्यांना समुपदेशनाची किंवा औषधाची गरज आहे तेच मागे राहतील. शिवाय आठवड्यातून दोनदा आपल्यासारखीच माणसे भेटली, कोणी आपुलकीने विचारपूस केली, याचे श्रेय व्यायामाला कसे द्यावे?

जतकर
माझा आक्षेप साधा आहे. आठवड्यातून दोनदा म्हणजे 8 आठवड्यांत मिरजेच्या 16 खेपा. एसटीत ज्येष्ठांना सवलत असली तरी सोबत जाणाऱ्या मुलाची दिवसाची मजुरी बुडते. आमच्या तालुक्यातला माणूस हे कोठून निभावणार?

कृष्णाकाठ, सांगली
मिरजेच्या वाचकांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. नैराश्याची चौकशी पहिल्याच भेटीत व्हावी आणि गरज असेल तर उपचार सोबतच सुरू व्हावेत. सोबतीचे मात्र मी वेगळे काढणार नाही, कारण ती या उपचाराचाच भाग आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात 65 चाचण्या आणि 3,800 हून अधिक रुग्ण होते. त्यांत धाप व थकव्याबरोबरच मनःस्थिती आणि आजार आपल्या आटोक्यात आहे ही भावनाही सुधारली. जतकरांसाठी सांगतो, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत घरी एकच भेट आणि नंतर दर आठवड्याला फोन एवढ्यावर कार्यक्रम चालवला गेला, आणि 8 आठवड्यांनंतरचा परिणाम रुग्णालयातल्या कार्यक्रमापेक्षा कमी ठरला नाही.

मिरजेचा वाचक
त्याच चाचणीत वर्षभराने दोन्ही गटांतील लाभ फारसा उरला नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. 8 आठवड्यांनंतर कोण पाहणार, याचे उत्तर मिळेपर्यंत मी रुग्णाला मोठी आशा दाखवणार नाही.

जतकर
फोनचा मार्ग मला पटला, परंतु माझ्या वडिलांना फोनवर नीट ऐकू येत नाही. आमच्या उपकेंद्रातील कोणी आठवड्यातून एकदा घरी येऊन त्यांना अंगणात चालवेल का, हे मी सोमवारी जाऊन विचारणार आहे.