अनुभव धागा: शेनयांगमध्ये बघण्यासारखे काय आहे?

यंत्रवेडा

माझ्या भाच्याला त्याची कंपनी पुढच्या महिन्यात कामासाठी ईशान्य चीनमधल्या शेनयांगला पाठवत आहे. परवा त्याने फोन करून विचारले, "मामा, ते नुसते कारखान्यांचे शहर आहे म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तिथे करायचे काय?" त्याला उत्तर देताना इतके काही आठवत गेले की ते फोनवर मावेना, म्हणून हा धागा काढत आहे.

मी तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात होतो. आम्ही मागवलेली मोठी लेथ जहाजावर चढण्यापूर्वी तपासून घ्यावी, म्हणून मला तिकडे पाठवले होते. काम तिएशी भागात होते. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेकडे १९३० च्या दशकात जपानी अमलाखाली ही कारखान्यांची वसाहत आखली गेली. १९४५ मध्ये जपानचा पराभव झाल्यावर सोव्हिएत सैन्याने तिथली बरीच यंत्रसामग्री उचलून नेली, आणि १९५३ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्याच सोव्हिएत संघाच्या मदतीने ती वसाहत पुन्हा उभी राहिली. इतिहासाची ही तऱ्हा मला मोठी गमतीची वाटते.

बीजिंगच्या तिआनआनमेन या प्रवेशद्वारावर लावलेले धातूचे राष्ट्रचिन्ह १९५१ मध्ये शेनयांगच्या पहिल्या मशीन टूल कारखान्यात ओतले गेले. साम्यवादी चीनमध्ये दिवाळे जाहीर करणारा पहिला सरकारी कारखानाही याच शहरातला, आणि ते साल होते १९८६. त्यानंतरच्या दशकात लाखो कामगार घरी बसले. माझी दुभाषी असलेल्या मुलीचे वडील ओतशाळेत साचे भरण्याचे काम करत असत आणि त्यांच्यावरही तीच वेळ आली होती. तिएशीची जुनी ओतशाळा बंद पडल्यावर तिचे संग्रहालय झाले आहे. ते बघायला चला, असा मी आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, "पगार मिळत होता तेव्हा रोज बघतच होतो की." आम्ही दोघेच गेलो. भाच्याला मी सर्वांत आधी तीच जागा सांगितली आहे. ज्यांनी तिथे शिक्षण, नोकरी किंवा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सवडीने लिहावे.

झुळूक

उत्तम धागा. कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या बाकी आहेत, त्यामुळे तूर्तास रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

डॉ. बालाघाट

मी शेनयांगच्या चायना मेडिकल युनिव्हर्सिटीतून एमबीबीएस केले. आमच्या तुकडीत लातूर, नांदेड, जळगाव अशा ठिकाणची बरीच मुले होती. त्या विद्यापीठाचा उगम १९३१ साली चिनी साम्यवाद्यांच्या लाल सेनेने रुईजिन येथे काढलेल्या वैद्यकीय शाळेत आहे. युद्धाच्या काळात ती शाळा येनानला गेली आणि १९४८ मध्ये शेनयांगला स्थिरावली. पुढे स्कॉटिश मिशनऱ्यांनी १९१२ मध्ये सुरू केलेले मुकदन मेडिकल कॉलेज आणि जपान्यांचे वैद्यकीय महाविद्यालय अशा दोन्ही संस्था तिच्यात मिसळल्या. मुकदन हे याच शहराचे जुने नाव आहे.

जी गोष्ट आम्हाला तिथल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी सांगितली आणि जी मी अजूनही माझ्या रुग्णालयातल्या नव्या मुलांना सांगतो, ती १९१०-११ च्या हिवाळ्यातल्या प्लेगची. त्या साथीत मांचुरियात, म्हणजे ईशान्य चीनमध्ये, साठ हजारांच्या आसपास माणसे मेली. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग उंदीर आणि पिसवांमधून पसरणारा होता, तर हा फुप्फुसांचा प्लेग होता आणि तो श्वासातून पसरत होता. पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-ते यांनी हे ओळखून कापसाच्या आणि जाळीच्या कापडाच्या मुखपट्ट्या वापरायला लावल्या. मेस्नी नावाच्या एका नामांकित फ्रेंच डॉक्टरांना ते पटले नाही. मुखपट्टी न लावता ते रुग्णांना तपासत राहिले आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगाने गेले. एप्रिल १९११ मध्ये मुकदनला अकरा देशांच्या तज्ज्ञांची प्लेग परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. वू यांच्याकडे होते. कोविडच्या काळात मला हे प्राध्यापक फार आठवले.

थंडीचे म्हणाल तर उणे वीसपर्यंत पारा उतरणे ही तिथे बातमी नसते. मात्र १ नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत शहरभर नळांतून गरम पाणी फिरवून घरे ऊबदार ठेवली जातात. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा हाच खरा परीक्षेचा काळ, कारण थंडी आलेली असते आणि ऊब अजून सरकारी तारखेची वाट बघत असते.

परळचा पोपट

डॉक्टर, शाकाहारी मुले तिथे जगली कशी, हा माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा इतिहास आहे. 🙂

डॉ. बालाघाट

@परळचा पोपट, दी सान शियान या पदार्थावर. बटाटा, वांगे आणि ढोबळी मिरची तळून लसूण-सोयासॉसमध्ये परततात आणि ईशान्य चीनमध्ये तो कुठल्याही खानावळीत मिळतो. त्यात मांस घालू नका, एवढे वाक्य चिनी भाषेत पाठ करणे मात्र आवश्यक आहे. मांसाहारी मंडळींसाठी शेनयांगची खरी ओळख म्हणजे कोंबडीचा सांगाडा. मांस काढून घेतल्यावर उरलेली हाडे मसाला लावून भाजतात, उकडतात किंवा तळतात आणि लोक ती बिअरबरोबर तासन् तास चघळत बसतात. कारखाने बंद पडले त्या काळात स्वस्तात मिळणारे खाणे म्हणून याचा खप वाढला, असे तिथले लोक सांगतात.

बखरवाला

शेनयांगचा इतिहास म्हणजे एका शहरावर इतरांनी गाजवलेल्या सत्तेचा इतिहास आहे, हे तिथे गेल्यावर मला प्रकर्षाने जाणवले. शाळेत आपण शिकलो की १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले आणि आशियात नवे चैतन्य आले. भारतातही त्या विजयाचे मोठे कौतुक झाले होते. पण त्या युद्धातली जमिनीवरची सर्वांत मोठी लढाई, जिच्यात दोन्ही बाजू मिळून सहा लाखांच्या आसपास सैनिक उतरले होते, ती मुकदनच्या परिसरात, म्हणजे रशियाच्याही नव्हे आणि जपानच्याही नव्हे, तर चीनच्या भूमीवर झाली, आणि चीनचे सरकार त्या युद्धात अधिकृतपणे तटस्थ होते. शेते कोणाची तुडवली गेली, हा प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकात आलाच नव्हता.

शेनयांग रेल्वे स्थानकाची लाल विटांची इमारत १९१० ची असून ती जपानी धाटणीची आहे. झोंगशान चौकात जपान्यांनी बांधलेले यामातो हॉटेल अजून उभे आहे आणि त्याच चौकाच्या मधोमध १९७० साली उभारलेला माओंचा भव्य पुतळा आहे. पुतळ्याच्या पायाशी असलेला कामगार, शेतकरी आणि सैनिकांचा शिल्पसमूह मला पुतळ्यापेक्षा अधिक आवडला.

यानंतर मार्शलचा वाडा अवश्य बघावा. हा वाडा मांचुरियाचा सर्वेसर्वा झांग झुओलिन याचा. त्याची आगगाडी ४ जून १९२८ रोजी शहराजवळ पुलाखालून जात असताना जपानी लष्करी अधिकाऱ्यांनी स्फोटाने उडवली. त्याचा मुलगा झांग शुएलियांग गादीवर आला आणि जानेवारी १९२९ मध्ये त्याने वडिलांच्या काळातल्या दोन बलाढ्य अधिकाऱ्यांना वाड्यातल्याच एका दालनात ठार करवले. ते दालन आजही दाखवतात. तिथे पेंढा भरलेले वाघ ठेवलेले आहेत. याच मुलाने १९३६ मध्ये शिआन येथे चीनचे तेव्हाचे सत्ताधारी चँग कै-शेक यांना पकडून ठेवले, त्याची शिक्षा म्हणून अनेक दशके स्थानबद्धतेत काढली आणि २००१ मध्ये होनोलुलूला शंभरी गाठून देह ठेवला.

१८ सप्टेंबर १९३१ रोजी जपानी सैन्याने शहराजवळच्या स्वतःच्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, त्याचा आळ चिनी सैन्यावर घातला आणि त्या निमित्ताने मांचुरिया गिळंकृत केला. त्या जागी उघडलेल्या दिनदर्शिकेच्या आकाराचे दगडी स्मारक आणि त्यालगत मोठे संग्रहालय आहे. दरवर्षी त्या तारखेला शहरात भोंगे वाजतात. तिथले प्रदर्शन एकसुरी आहे, हे माझे स्पष्ट मत आहे. परंतु चीन-जपान संबंधांत एवढी कटुता का आहे, हे समजून घ्यायचे तर ते टाळता येणार नाही.

सिद्धेश्वर पेठ

आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे काही स्मारक शेनयांगमध्ये आहे का? चीनचा विषय निघाला की आम्हाला दुसरे काही सुचत नाही, त्यामुळे क्षमस्व.

बखरवाला

@सिद्धेश्वर पेठ, कोटणीसांचे कार्यक्षेत्र येनान आणि मुख्यतः हबेई प्रांत हे होते आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच गेले, म्हणून त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे. शेनयांग ज्या लिआओनिंग प्रांताची राजधानी आहे, त्याच प्रांतातल्या दालियान बंदरात त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान यांचे पुढचे आयुष्य गेले आणि २०१२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. शेनयांगहून दालियानला जलदगती रेल्वे आहे.

सिद्धेश्वर पेठ

ही माहिती मला नवीन आहे. मनःपूर्वक आभार.

झुळूक

रुमाल उचलते आहे. माझ्या नवऱ्याची नेमणूक वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होती. बीएमडब्ल्यूचे मोठे कारखाने शेनयांगमध्ये असल्यामुळे असे अनेक पुरवठादार तिथे आहेत. मी मात्र दिवसभर घरी, त्यामुळे माझे शेनयांग हे कारखान्यांचे नसून बागांचे आणि राजवाड्याचे आहे.

बीजिंगचा राजवाडा बघितलेली माणसे शेनयांगच्या राजवाड्याकडे "लहान आहे" म्हणून नाक मुरडतात. मला तोच अधिक आवडतो, कारण तो लढाऊ मांचू लोकांचा राजवाडा आहे हे लपत नाही. मांचूंचा राजा नुरहाची याने १६२५ मध्ये राजधानी इथे आणली. त्याचा दरबार ज्या सभागृहात भरे, ते अष्टकोनी आहे आणि त्याच्यापुढे दोन्ही बाजूंना मिळून दहा छोटे मंडप ओळीने उभे आहेत. छावणीतल्या तंबूंची रचनाच लाकडात आणि कौलांत उतरवल्यासारखी दिसते. मांचू सैन्याच्या आठ पथकांचे प्रमुख तिथे आपापल्या जागी बसत. राजाराणीच्या महालात एका बाजूला विटांचे ऊबदार ओटे आणि बळीचे डुक्कर शिजवण्याच्या प्रचंड कढया आहेत, म्हणजे देवघर, मुदपाकखाना आणि शयनगृह एकाच छपराखाली! १६४४ मध्ये मांचूंनी बीजिंग घेतले आणि राजधानी तिकडे गेली.

नुरहाचीचा मुलगा होंग ताइजी याची समाधी उत्तरेकडच्या बेइलिंग उद्यानात आहे. राजवाडा आणि बापलेकांच्या दोन्ही समाध्या २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मी त्या उद्यानात जवळजवळ रोज जात असे. सकाळी निवृत्त कामगार तिथे घोळक्याने नाचतात, काही जण मोठ्या कुंचल्याने फरशीवर पाण्याने अक्षरे लिहितात आणि हिवाळ्यात तळे गोठले की त्यावर लोक घसरगाड्या घेऊन उतरतात. समाधीच्या वाटेवर दगडी प्राण्यांच्या रांगा आहेत. त्यांतले दोन घोडे होंग ताइजीच्या आवडत्या पांढऱ्या घोड्यांवरून घडवलेले आहेत, असे सांगतात. नुरहाचीच्या पूर्वेकडच्या समाधीला १०८ पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच विचार करावा.

अवांतर: शिता भागात कोरियन वस्ती आहे आणि तिथले थंडगार शेवयांचे सूप उन्हाळ्यात अतिशय सुंदर लागते.

परळचा पोपट

यंत्रवेडा यांचे वर्णन वाचून मला आमचे गिरणगाव आठवले. १९८२ च्या संपानंतर आमच्याकडेही भोंगे थांबले आणि गिरण्यांच्या जागी मॉल आले. त्यांनी निदान संग्रहालय तरी केले.

यंत्रवेडा

@परळचा पोपट, साम्य आहे, पण ते फार ताणू नये असे मला वाटते. गिरणगावात मालक आणि कामगार समोरासमोर होते. तिएशीत मालक म्हणजे शासनच होते, आणि घर, दवाखाना, मुलांची शाळा, निवृत्तिवेतन हे सगळे कारखान्यातूनच मिळत असे. त्यामुळे कारखाना गेल्यावर भांडायचे कोणाशी, हाही प्रश्नच होता. १९५२ मध्ये बांधलेले तिएशीचे कामगार-गाव बघितले की हे लक्षात येते. सोव्हिएत धाटणीच्या त्या तीन मजली इमारतींपैकी काहींत त्या काळातली बिऱ्हाडे जशीच्या तशी मांडून ठेवली आहेत. आणि संग्रहालय केले हे खरे असले, तरी पाडलेलेही पुष्कळ आहे. तिथल्या धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्याची तीन उंच धुराडी ही शहराची खूण होती. ती २००४ मध्ये सुरुंग लावून पाडली. हवा सुधारली, हे नाकारता येणार नाही.

मृण्मयी

आमची सहल फुशुनला गेली होती, ते शेनयांगच्या पूर्वेला अगदी जवळ आहे. तिथली उघडी कोळसा खाण जवळपास साडेसहा किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे. चीनचा शेवटचा सम्राट पुयी हा पुढे जपान्यांच्या हातातला मांचुरियाचा बाहुला-सम्राट झाला. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्याला शेनयांगच्याच विमानतळावर पकडले, आणि १९५० नंतर त्याला फुशुनच्या युद्धगुन्हेगारांच्या तुरुंगात ठेवले होते. १९५९ मध्ये माफी मिळून तो सुटला. ज्या घराण्याची सुरुवात शेनयांगच्या राजवाड्यात झाली, त्याचा शेवटचा वारस तिथून तासाभराच्या अंतरावर स्वतःचे कपडे स्वतः धुवायला शिकला, हे ऐकून आमच्या गटातल्या एका आजींनी "बरे झाले, शिकला एकदाचा" असा शेरा मारला होता.

करवीरकर

उशिरा आलो आहे. शिरोलीला आमची छोटी फाउंड्री आहे, त्यामुळे या धाग्यात मला फक्त ओतशाळेच्या संग्रहालयात रस आहे, याबद्दल राजवाडाप्रेमींनी राग मानू नये. क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवण्याची उभी भट्टी, जागेवरच ठेवला आहे का? वरच्या क्रेन आहेत का? वाळू कुठली वापरत असत, याची काही नोंद तिथे आहे का?

यंत्रवेडा

@करवीरकर, क्युपोला आणि क्रेन दोन्ही जागेवरच आहेत आणि त्या दालनाची उंची बघून तुम्ही सुखावाल. वाळूविषयी भाच्याला विचारायला सांगतो. डॉक्टर आणि झुळूकताई, तुमचे प्रतिसाद त्याला पाठवले आहेत. तो विचारतो आहे की रविवार आणि सोमवार असे दोन दिवस मिळाले तर क्रम कसा लावावा.

झुळूक

संग्रहालये बहुतेक सोमवारी बंद असतात, म्हणून तिएशी आणि राजवाडा रविवारी करावा आणि बेइलिंग उद्यान सोमवारी. पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा, तो दाराशी बघतात.

करवीरकर

आणि क्युपोलाच्या चार्जिंग डोअरचा एक फोटो, शक्य तितका जवळून. घोड्यांचे नसले तरी चालतील.