न आवडलेलं पुस्तक आणि तोंडावर सांगितलेलं मत

सगळे ज्याची वाहवा करतात ते पुस्तक आपल्याला भावलं नाही, हे चारचौघांत सांगणं भल्याभल्या वाचकांनाही जड जातं. तसं कधी सांगितलंय का? समोरून काय ऐकावं लागलं? त्या बोलण्याने तुमचं वाचन बदललं का? लिहा. फक्त 'बोअर झालं' एवढ्यावर थांबू नका. पुस्तक कुठे हातातून सुटलं, काय खटकलं, ते येऊ द्या. पुस्तकाला हवं ते म्हणा, ते आवडणाऱ्याला नको.

सुरुवात मी करतो. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' मी दोनदा अर्ध्यात सोडली. १९६३ची कादंबरी, तिने पुढच्या कितीतरी लिहिणाऱ्यांची जीभ मोकळी केली, हे ठाऊक होतं. पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याचं ते 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' कानाला टोचायचं, आणि होस्टेलच्या पानांत मी दोन्ही वेळा अडकलो. एका मित्राला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मनीच्या मृत्यूपर्यंत तू पोचलाच नाहीस. मग हे मत अर्ध्या पुस्तकाचं." लागलं, पण खरं होतं. तिसऱ्यांदा ती पानं वाचली. तोवर सगळ्या जगाला झटकून टाकणारा तो सूर बहिणीच्या मरणापाशी मोडून पडतो, आणि मागच्या प्रत्येक 'वगैरे'खाली काय दडलं होतं ते तेव्हा मला कळलं. कॉलेजचा भाग मात्र अजूनही लांबलेला वाटतो. मित्राला तेही सांगून टाकलंय.

•

माझं उलट झालं. आवडतं पुस्तक दुसरीने हिसकावून घेतल्यासारखं वाटलं होतं मला. आठवीच्या सुट्टीत शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' वाचली आणि पुढची कित्येक वर्षं माझ्यासाठी महाभारत म्हणजे कर्ण. कॉलेजात एका मैत्रिणीपुढे मी द्रौपदीने त्याचा भर स्वयंवरात केलेला अपमान तावातावाने सांगत होते. तिने शांतपणे विचारलं, "मूळ महाभारत वाचलंयस? की कादंबरीवरच बोलते आहेस?" आणि इरावती कर्व्यांचं महाभारतावरच्या लेखांचं 'युगांत' हातात ठेवलं. दोन्ही पुस्तकं १९६७ची, पण दोघांचा कर्ण किती वेगळा! सावंतांच्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण आपापल्या तोंडून बोलतात; साहजिकच आपण त्यांच्या बाजूचे होऊन जातो. इरावतीबाई कुणाच्याच बाजूला बसू देत नाहीत. पुढे शोधत गेले तेव्हा समजलं, की 'मी सूताला वरणार नाही' हे द्रौपदीचं वाक्य महाभारताच्या संशोधित आवृत्तीच्या (जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या) मूळ पाठात नाहीच. त्या रात्री खरंच झोप लागली नाही. आठवीतल्या त्या मुलीचं रडणं खोटं होतं का, हेच डोक्यात फिरत राहिलं. आता वाटतं, नव्हतं. ती कादंबरीसाठी रडली होती, आणि कादंबरीने आपलं काम केलं होतं.

•

वरच्या अनुभवावर थोडं. तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न रास्त, पण कादंबरीला लेखाच्या मापाने मोजणं मला पटत नाही. 'युगांत'मधला कर्णसुद्धा एका अभ्यासू बाईंनी लावलेला अर्थच आहे. त्यांच्याशीही भांडावं. मी भांडतो.

•

हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

माझे वडील फक्त रहस्यकथा वाचायचे. बाबूराव अर्नाळकरांची झुंजार, काळापहाड ही मंडळी आमच्या घरात नातेवाईकांसारखी वावरायची. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या मिळतील तेवढ्या बाबांनी वाचल्या असाव्यात. कामावरून आले की कपडेही न बदलता पुस्तक उघडायचे. मी अक्षरं जोडून वाचायला शिकलो ते त्यांच्या मांडीवर, त्याच पुस्तकांवर.

पुढे मी मराठी साहित्य घेऊन एम. ए. करायला लागलो. एकदा घरी मित्र जमले होते, बाबा कोपऱ्यात वाचत होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, हे साहित्य नाही हो. नुसता वेळ घालवणं आहे." ते काही बोलले नाहीत. पुस्तक मिटून आत गेले. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी कधी रहस्यकथा उघडली नाही. मी खोलीत आलो की पुस्तक उशीखाली जायचं.

माझं मत त्या लेखनाबद्दल होतं, असं मी स्वतःला खूप वर्षं सांगत आलो. तसं नव्हतं. मित्रांसमोर मला वडिलांची लाज वाटली होती. परीक्षेपुरत्या जाड कादंबऱ्या चाळणाऱ्या माझ्यापेक्षा तो माणूस जास्त वाचत होता, जास्त मन लावून वाचत होता. ते गेल्यावर कपाटात शेवटची पुस्तकं सापडली. मुखपृष्ठं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, नाव दिसू नये म्हणून. ती मी तशीच ठेवली आहेत, कागदासकट.

पुस्तकाला वाईट जरूर म्हणा. पण ते कुणाच्या हातात आहे तिकडे आधी बघा.

•

वरचं वाचून वडिलांना फोन केला. ते सध्या काय वाचतायत ते विचारलं. अर्धा तास बोलत होते.

•

माझी तक्रार वेगळी आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) मला भेट मिळाली, आणि देणाऱ्यानेच शेवट सांगून टाकला! युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचे निर्वासित ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पुस्तक एका बैठकीचं. मत हवं तितकं परखड द्या, पण वाचणाऱ्याच्या वाटणीचं त्याच्याकडे राहू द्या.

•

जी. ए. कुलकर्णी मला झेपत नाहीत असं मी बेधडक सांगायचे. 'काजळमाया'च्या चार कथा सलग वाचल्या, पाचव्या कथेला जीव घाबरा झाला. वहिनी म्हणाल्या, "सलग वाचतेस, तिथेच चुकतं. एक कथा वाच आणि आठ दिवस पुस्तक उघडू नकोस." तसं करून पाहिलं. आता जी. ए. 'आवडतात' असं अजूनही म्हणवत नाही. त्यांच्याकडे परत परत जाते, एवढं खरं.

•

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'वरून माझं आणि माझ्या जिवलग मैत्रिणीचं बावीस वर्षांचं भांडण आहे. १९५९ची कादंबरी, १९७४चं ज्ञानपीठ, सगळं मान्य. तरी मला त्यातलं निवेदन जड वाटतं, प्रत्येक जण सुभाषितांत बोलतो असं वाटतं. तिला तीच वाक्यं पाठ आहेत. तोंडी वाद फार कडवट व्हायला लागले, तेव्हा तिने तिची प्रत माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "जिथे पटत नाही तिथे समासात लिही." मी पेन्सिलीने लिहिलं, तिने खाली निळ्या शाईने उत्तर दिलं. तेव्हापासून प्रत आमच्यात फिरते आहे. देवयानीच्या निवेदनात मी तीनदा 'अन्याय' असं लिहिलंय, आणि तिने तिन्ही ठिकाणी 'कुणावर?' असं विचारलंय. कचाच्या पानांवर मात्र माझं काही म्हणणं उरलं नाही. तिथे पहिल्यांदाच मी 'हे चांगलं आहे' असं लिहिलं. प्रत आता तिच्याकडे आहे. ते पान तिने अजून पाहिलेलं नाही.