नेमबाजीच्या रेंजला कायद्याचं कवच: किती आणि कुठपर्यंत?

नेमका_वेध (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शूटिंग रेंजना शेजाऱ्यांच्या दाव्यांपासून वाचवणारे कायदे आहेत. नमुन्यादाखल मिशिगनचा १९८९ चा कायदा घ्या. रेंज सुरू झाली तेव्हा लागू असलेले आवाजाचे नियम ती पाळत असेल आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन आयोगाने मान्य केलेल्या पद्धतीने चालत असेल, तर आवाजावरून ना दिवाणी दावा चालतो, ना फौजदारी खटला. १९९४ च्या दुरुस्तीनंतर तर गावाने नवा नियम केला तरी आधीपासून कायदेशीर असलेली रेंज चालू राहते.

मला हे रास्त वाटतं. रेंज उचलून दुसरीकडे नेता येत नाही. गोळ्या अडवणारा मातीचा बांध पंधरा-वीस फूट उंच लागतो. ट्रॅपच्या (उडत्या मातीच्या चकत्यांवर छर्ऱ्याच्या बंदुकीने नेमबाजी) रेंजला नेमबाजांपुढे जवळपास ३०० यार्डांचा निर्मनुष्य पट्टा सोडावा लागतो. शेजारी प्लॉट पडले, जागा स्वस्त म्हणून लोकांनी घरं घेतली आणि मग आवाजाची तक्रार केली, याला काय म्हणायचं? शिवाय रेंज बंद पडली की नेमबाजी थांबत नाही. ती जुन्या खाणीत जाते आणि तिथे ना बांध असतो, ना देखरेख.

शेजारधर्म

असहमत. 'आधी कोण आलं' हा मुद्दा न्यायालयं अशा कायद्याविनाही विचारात घेत होतीच. १९७२ चा ॲरिझोनातला स्पर इंडस्ट्रीजचा निकाल पाहा. गुरांचा गोठा आधी होता, वसाहत नंतर आली. न्यायालयाने गोठा हलवायला लावला, पण खर्च बिल्डरच्या माथी मारला. दोन्ही बाजू तोलायची ती सोय या कायद्याने काढून घेतली.

आणि ग्यानबाची मेख 'सुरू झाली तेव्हाचे नियम' या शब्दांत आहे. तेव्हा नियमच नसेल तर पाळायचं काय? मिशिगनच्या दुरुस्तीत जुन्या हद्दीच्या आत सदस्य आणि कार्यक्रम वाढवायलाही मुभा आहे. आठवड्यातून एक दिवस .२२ ची छोटी रायफल चालवणारा क्लब उद्या रोज मोठ्या रायफली चालवू लागला, तरी कवच तेच.

मोजणीचंही तसंच. गोळीचा आवाज काही मिलिसेकंदांचा, पण नेमबाजाजवळ त्याचा शिखरबिंदू १४० डेसिबलच्या वर जातो. तासाभराची सरासरी काढली की तो आकड्यात विरघळतो. कागदावर रेंज शांत आणि घरात खिडकी थरथरते. आवेगी (क्षणात उसळून विरणारा) आवाज पकडणारं मीटर लावलंच पाहिजे. आणि मातीचा बांध सगळा आवाज अडवतो हा गैरसमज आहे. स्वनातीत गोळी हवेतून जाताना स्वतःच कडाका करते. तो वाटभर होतो, नुसत्या नळीच्या तोंडाशी नाही.

मातीपरीक्षक

दोघेही आवाजावर अडलात. खरा प्रश्न शिशाचा आहे.

ट्रॅपच्या एका काडतुसात २८ ते ३२ ग्रॅम छर्रे. एका फेरीत पंचवीस बार. म्हणजे माणशी, फेरीमागे सातशे-आठशे ग्रॅम शिसं जमिनीवर. त्यातला मोठा भाग नेमबाजांपासून ३७५ ते ६०० फुटांच्या पट्ट्यात पडतो. तिथेच ओढा असेल तर संपलं. कनेक्टिकटमध्ये स्ट्रॅटफर्डच्या लॉर्डशिप क्लबचं तेच झालं. छर्रे लाँग आयलंड साउंडच्या पाण्यात साचले आणि १९९३ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने ठरवलं, की साचून राहिलेलं शिसं आणि क्ले टार्गेटचे (चकत्यांचे) तुकडे हा फेडरल कायद्याखाली घनकचरा ठरू शकतो. राज्याचं कवच फेडरल कायद्यापुढे चालत नाही.

करायचं काय ते अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) २००१ च्या मार्गदर्शिकेत आहे (२००५ ची सुधारित आवृत्ती वाचा): शिसं एका जागी अडवा, वाहू देऊ नका, काढून पुनर्वापराला द्या, नोंदी ठेवा. मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ८.५ राखायचा. आम्ल मातीत शिसं विरघळतं, मग चुना टाकावा लागतो. बांधावर गवत हवं, नाहीतर पहिल्या जोराच्या पावसात शिशासकट माती खाली येते.

बिघडतं कुठे? एकाच लेनवर एकाच बिंदूत मारा होत राहिला की बांधात गोळ्यांचा गठ्ठा तयार होतो. नवी गोळी जुन्या गोळीवर आपटून फुटते, धूळ उडते, कधी गोळी उलटते. माती चाळली की शिसंही निघतं आणि हा धोकाही जातो. बांधाच्या वरच्या थरात दगड राहिले तरी गोळी उलटते, हे वेगळं सांगायला नको.

फ्लोरिडाने २००४ मध्ये बरी वाट काढली: प्रामाणिकपणे पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या रेंजलाच शिशाबाबत राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या दाव्यांपासून संरक्षण. मात्र 'प्रामाणिक प्रयत्न' कसा मोजायचा, तिथे पळवाट राहतेच.

नेमका_वेध

शिशाचं मान्य, आवाजाचं नाही. स्थानिक संस्थेला मोकळं सोडलं की काय होतं ते शिकागोत दिसलं. बंदुकीच्या परवान्यासाठी रेंजवर सराव सक्तीचा आणि शहरात रेंजला बंदी! न्यायालयाने २०११ मध्ये ती बंदी अडवली. मग शहराने असे नियम केले की जेमतेम २.२ टक्के जमीन उरली. २०१७ मध्ये तेही पडले.

कलम_पोटकलम

त्यावरून 'कुठेही रेंज हा हक्क' असं समजू नका. मिशिगनच्याच हॉवेल टाउनशिपमध्ये हजार यार्डांची रेंज झोनिंगमुळे (कुठे काय चालेल हे ठरवणारे जमीनवापराचे नियम) अडली आणि सहाव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने २०२४ मध्ये टाउनशिपची बाजू उचलून धरली.

बंदिस्त रेंज सगळे विसरले. तिथे प्रश्न हवेचा. नेमबाजाच्या पाठीमागून पुढे मिनिटाला ७५ फूट वेगाने एकसारखा झोत हवा. झोत घुमला तर शिशाची धूळ तोंडावर परत येते. कोरडा झाडू मारायचा नाही, हेपा (बारीक धूळ अडवणारी गाळणी असलेला) व्हॅक्यूमच. कामगारांसाठी हवेत शिशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, पण ती फक्त पगारी नोकरांना लागू. स्वयंसेवकांनी चालवलेला क्लब आणि तिथे येणारी शाळकरी मुलं त्या नियमाबाहेर.

शेजारधर्म

@नेमका_वेध, मग अट घाला: दर पाच वर्षांनी माती चाळल्याची पावती आणि आवेगी आवाजाची मोजणी दाखवा, तरच कवच पुढे चालू. लेन वाढल्या की मोजणी नव्याने. हे लिहून द्यायला किती क्लब तयार होतील?