बेल्जियन यीस्ट आणि अमेरिकन हॉप्स: हा संसार जमतो का?

आडवाट

मागच्या शनिवारी ब्रसेल्सला मित्राकडे हूब्लों शूफ प्यायलो आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेल्जियमच्या आर्देन डोंगरांत आशूफ नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे दोघा मेव्हण्यांनी १९८२ मध्ये ब्रुअरी काढली. लाल टोपीवाला बुटका त्यांच्या बाटल्यांवर असतो. हूब्लों ही त्यांची २००६ ची बिअर, ९ टक्के अल्कोहोलची. हूब्लों म्हणजे फ्रेंचमध्ये हॉप, बिअरला कडवटपणा आणि वास देणारं वेलीचं फूल. बाटलीवर 'डॉबेलेन आयपीए ट्रिपेल' असं लिहिलेलं असतं. म्हणजे अंगकाठी बेल्जियन ट्रिपेलची: सोनेरी, कडक, बरीचशी चव यीस्टनेच घडवलेली. आणि वरून आयपीएचे (इंडिया पेल एल, हॉप्सच्या वासाची कडवट बिअर) हॉप्स: टॉमाहॉक आणि अमारिलो हे अमेरिकन, जोडीला चेकचा साझ.

ग्लासात ओतली तर चार बोटं फेस आला, आणि तो बसायचं नावच घेईना. नाक जवळ नेलं की पपनसाची साल नखाने टोचल्यावर जो तुषार उडतो, तो वास. त्याच्यामागे लवंग. पहिला घोट गोडसर, पिकून काळे ठिपके पडलेल्या वेलची केळ्यासारखा. मग मध्येच कडवटपणा चढायला लागतो आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी बसून राहतो. शेवट मात्र एकदम कोरडा, गोडाचा लवलेश नाही. अर्धा ग्लास संपेपर्यंत बिअर थोडी कोमट झाली आणि लवंग पुढे आली, पपनसाच्या जागी जर्दाळू यायला लागलं.

बेल्जियन आयपीए म्हणजे दोन डगरींवर पाय, असं मी आजवर समजत होतो. माझं मत बदललंय. ही ट्रिपेलही नाही आणि आयपीएही नाही, तिसरीच स्वतंत्र चव आहे. माझं म्हणणं असं, की यीस्टने आधी घर बांधावं आणि हॉप्सने नंतर त्यात राहायला यावं, तर हा संसार जमतो. आणि हे बेल्जियन लोकांना अमेरिकनांपेक्षा जास्त चांगलं कळतं.

खडीसाखर

आडवाट, वर्णन सुंदर केलंय तुम्ही, पण मला अजिबात पटलं नाही.

मी सहा वर्षं अँटवर्पला राहतेय. ट्रिपेलचं सगळं वैभव आंबवण्यात असतं. यीस्ट कुठल्या तापमानाला सोडायचं, किती वर जाऊ द्यायचं, कधी थांबवायचं, यात ब्रुअरचं आयुष्य जातं. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी केळं वाढतं, लवंग कमी होते. एवढ्या निगुतीने मिळवलेल्या त्या नाजूक वासावर मूठभर अमारिलो टाकायचा म्हणजे श्रीखंडावर ठेचा वाढायचा. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. एकत्र कशासाठी?

वेस्टमाल्ले मठाची ट्रिपेल नीट लक्ष देऊन प्या. १९३४ पासून ती आहे, ९.५ टक्के. तीही चांगली कडवट आहे, हे बरेच जण विसरतात. पण तो कडवटपणा पाठीचा कणा असतो, त्याला स्वतःचा वास दाखवायची हौस नसते. हूब्लोंमध्ये मला ब्रुअरची नजर अमेरिकन गिऱ्हाइकाकडे लागलेली दिसते. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तिरफळ

खडीसाखरताई, तुमच्या जिभेबद्दल वाद नाही, पण "बेल्जियन" म्हणून तुम्ही जे जपताय ते मुळात किती बेल्जियन आहे?

ड्यूव्हल ही बेल्जियन बिअर घ्या. मोर्टगाट घराण्यातले आल्बेर पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी पद्धतीची एल करायची म्हणून स्कॉटलंडला गेले आणि तिथून यीस्ट घेऊन आले. ड्यूव्हलचं यीस्ट त्याच घराण्यातलं. हॉप्स साझ आणि स्टिरियन गोल्डिंग, म्हणजे एक चेक, एक स्लोव्हेनियातला. ऑर्वालच्या मठाने १९३१ मध्ये ब्रुअरी सुरू केली तेव्हा पहिला ब्रूमास्टर पापेनहाइमर, जर्मन. आणि आंबवून झाल्यावर बिअरमध्ये कोरडे हॉप्स घालायची रीत, जिला आज सगळे अमेरिकन म्हणतात, ती ऑर्वालमध्ये मुरलेली आहे. बेल्जियमने बाहेरचं घेतलं, रिचवलं आणि आपलं केलं, हीच इथली परंपरा आहे.

उलट बाजूनेही तेच. पियेर सेलिस यांनी हूगार्डेन गावची बुडालेली गव्हाची बिअर साठच्या दशकात पुन्हा उभी केली आणि १९९२ मध्ये ते टेक्ससला ऑस्टिनमध्ये जाऊन ती करायला लागले. कोलोरॅडोतल्या न्यू बेल्जियमच्या संस्थापकाने बेल्जियममधली सायकलयात्रा करून १९९१ मध्ये ब्रुअरी काढली, नाव तर बघा. ही देवाणघेवाण दोन्हीकडून आहे.

आता श्रीखंड-ठेच्याबद्दल. मी ल्यूव्हनला यीस्टवरच काम करते, म्हणून हे ठामपणे सांगते: यीस्ट आणि हॉप्स शेजारी शेजारी गप्प बसत नाहीत. हॉप्समध्ये जेरॅनिऑल असतं, गुलाबासारख्या वासाचं. आंबताना यीस्ट त्यातल्या काहीचं सिट्रोनेलॉल करतं, ते लिंबाकडे झुकतं. म्हणजे तुमच्या नाकाला जे लागतं ते पिशवीतल्या हॉपचं असतंच असं नाही. आडवाट "तिसरी चव" म्हणतात त्याला माझ्या दृष्टीने भक्कम आधार आहे.

खडीसाखर

तिरफळ, ऑर्वालचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यातले हॉप्स युरोपियन: गवत, माती, थोडा मसाला. ते पाहुण्यासारखे येतात, सोफ्यावर तंगड्या पसरत नाहीत. सिट्रा, अमारिलो हे वाणच निराळे. त्यांचा वास इतका फळांचा आणि इतका मोठा की यीस्टची फळं त्यात हरवतात. केळं आणि पपनस एका ताटात असले की जीभ पपनसच लक्षात ठेवते. बाहेरचं घ्यायला माझी ना नाही. किती घ्यायचं, यावर माझा आक्षेप आहे.

आणि जेरॅनिऑलचं रूपांतर तर अमेरिकन यीस्टही करतं. त्यासाठी बेल्जियन यीस्टला का वेठीला धरायचं?

तिरफळ

हा शेवटचा मुद्दा मान्य. ते एल यीस्टचं सर्वसाधारण काम आहे. बेल्जियन यीस्टचं वेगळेपण लवंगेत: माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फेरुलिक आम्लापासून ती लवंग तयार होते, आणि बहुतेक अमेरिकन एल यीस्टकडे ती क्षमता चालू स्थितीत नसते. पण म्हणूनच म्हणते, लवंग आणि संत्र्याची साल एकत्र येणं यात मला काहीच विजोड दिसत नाही.

सांजवारा

मी अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला असतो, दहा वर्षं गॅरेजमध्ये बिअर करतोय. हे भांडण मी स्वतःच्या बादल्यांत लावून पाहिलंय, म्हणून लिहितो.

१९ लिटर वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा माल्टचा गोड काढा, केला. नेहमीचा आयपीएचा, म्हणजे थोडा कॅरमल माल्ट, भरपूर सिमको आणि अमारिलो. तो दोन काचेच्या बरण्यांत अर्धा अर्धा केला. एकीत कॅलिफोर्नियाचं साधं यीस्ट, दुसरीत 'बेल्जियन आर्देन' नावाने मिळतं ते. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बरणीचा फेस नळीतून वर चढून जमिनीवर आला होता आणि गॅरेजभर केळ्याचा वास. तीन आठवड्यांनी चव घेतली. पहिली, चांगली आयपीए. दुसरी, दवाखान्यातली पट्टी सोडल्यासारखी. कॅरमलचा गोडवा, लवंग आणि कडवटपणा एकमेकांत अडकून घशात चिकटून बसले. खडीसाखरताई, ती बिअर तुम्ही प्यायला असतात तर हा धागा तिथेच संपला असता.

पण मी ते तिथे सोडलं नाही. पुढच्या खेपेला कॅरमल माल्ट काढून टाकला. नुसता पिल्सनर माल्ट घेतला आणि एक दशांश साधी साखर घातली, बेल्जियन करतात तशी. साखर पूर्ण आंबते, मागे गोडवा ठेवत नाही, अंग हलकं होतं. उकळीच्या सुरुवातीला घालायचे कडवटपणाचे हॉप्स जवळजवळ निम्मे केले, वासाचे तेवढेच ठेवले. यीस्ट तेच. आणि ती बिअर माझ्या बायकोने, जी आयपीएला हात लावत नाही, दोन ग्लास प्यायली.

म्हणजे आडवाट, तुमचं अर्धं बरोबर. आधी यीस्टसाठी घर बांधायला लागतं. पण "बेल्जियन लोकांनाच कळतं" हे मी मान्य करणार नाही. सॅन डिएगोच्या ग्रीन फ्लॅश ब्रुअरीने 'ल फ्रीक' केली, ९.२ टक्के, ट्रिपेल आणि तिथली इम्पीरियल (जास्त कडक) आयपीए यांचा मेळ. सुरुवातीची ती बिअर मला आजही आठवते. स्टोन ब्रुअरीने २००८ मध्ये 'कॅली-बेल्जिक' काढली तेव्हा रस्ता वेगळा धरला: आपलीच आयपीए, फक्त यीस्ट बेल्जियन. ६.९ टक्के. जे मला गॅरेजमध्ये साधलं नाही ते त्यांनी करून दाखवलं, कारण त्यांची मूळ आयपीएच कोरडी होती. कौशल्य पासपोर्टवर ठरत नाही.

आडवाट

सांजवारा, ते वाक्य मी मागे घेतो. एक बाटली पिऊन अख्ख्या देशाबद्दल बोललो, चूक झाली. यीस्ट आधी, हॉप्स नंतर, यावर मात्र ठाम आहे, आणि तुमच्या बरण्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

पाणंद

तुम्ही सगळे ब्रुअरीजवळ राहता म्हणून एक गोष्ट कुणीच बोललं नाही. वय.

मी पुण्यात असतो. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात अशीच एक बेल्जियन आयपीए दिसली. किंमत ऐकून छातीत धस्स झालं तरी घेतली. घरी उघडली तर हॉप्सचा पत्ताच नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास, कडवटपणा मात्र जसाच्या तसा, आणि खाली मधासारखा जड गोडवा. बाटलीवरची तारीख अजून दीड वर्ष पुढची. कायद्याने बिअर चांगली होती. प्रत्यक्षात ती जहाजात, गोदामात आणि उन्हाळ्यात मेली होती.

आणि इथेच या प्रकाराचा खरा घोळ आहे असं मला वाटतं. कडक बेल्जियन बिअर तळघरात ठेवायची असते, काही तर वर्षावर्षाने सुधारतात. आयपीएचा वास काही महिन्यांत उतरतो. बाटलीत दोन घड्याळं आहेत आणि दोन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. ट्रिपेल म्हणून ठेवली तर हॉप्स गेले, आयपीए म्हणून लगेच प्यायली तर ट्रिपेल मुरली नाही. मग ही बिअर प्यायची कधी?

ऑर्वालने हे सोडवलंय. तिथे हॉप्स उतरत जातात तसं ब्रेट हे रानटी यीस्ट बाटलीत काम करत चढत जातं. काही कॅफेंत ताजी आणि जुनी अशा दोन्ही मागता येतात म्हणे. एकाने जागा सोडली की दुसरा बसतो. हूब्लोंमध्ये जागा रिकामी होते आणि कुणी बसत नाही.

सांजवारा

पाणंद, धाग्यातला सगळ्यात मोठा मुद्दा मांडलात. माझ्या दुसऱ्या खेपेच्या बाटल्या सहा आठवड्यांच्या असताना सगळ्यात छान होत्या. पाच महिन्यांनी निघालेली शेवटची नुसती बरी ट्रिपेल होती.

तिरफळ

मुद्दा खरा आहे, पण तो शैलीपेक्षा वाहतुकीचा आणि साठवणीचा आहे. ऊन सोसलेला हापूस खराब निघाला म्हणून आपण आंब्याला नावं ठेवत नाही. थंड ठेवलेली, तीन-चार महिन्यांच्या आतली बाटली मिळाली तरच मत द्यावं. ड्यूव्हलने २००७ मध्ये अमारिलो घालून ट्रिपेल हॉप पहिल्यांदा केली आणि २०१२ पासून काही वर्षं दरवर्षी तिसरा हॉप बदलत गेले. तिथे लोक नवी आली की आणायचे आणि लगेच प्यायचे.

पाणंद

हापूस इथे पिकतो, ताई. ही बिअर आमच्यापर्यंत येतानाच म्हातारी होते. ज्या बिअरला घराबाहेर पडवत नाही तिला मी जमलेला संसार कसं म्हणू?

खडीसाखर

आडवाट, तुमच्या "कोमट झाल्यावर लवंग पुढे आली" या वाक्याने मला स्वस्थ बसू दिलं नाही. काल बाटली आणली. दुकानदाराकडून मागच्याच आठवड्यातला खोका उघडून घेतला. शेजारी वेस्टमाल्ले ठेवली. नवऱ्याला ओतायला सांगितलं आणि पाठ करून बसले.

फ्रिजमधून काढल्या काढल्या दोन्ही ओळखायला एक सेकंद लागला नाही. हूब्लों म्हणजे नुसती साल आणि कडू. माझंच खरं, असं मनात म्हणाले. मग दोन्ही ग्लास टेबलावर ठेवून वीस मिनिटं भाजी चिरत बसले. परत आले तेव्हा हूब्लोंमध्ये लवंग होती. स्पष्ट, आणि सालीला धरून. त्या तीन-चार घोटांपुरतं तुम्ही म्हणता ती तिसरी चव मला सापडली, हे प्रामाणिकपणे कबूल करते.

पण त्यानंतर अल्कोहोल वर आलं आणि कडवटपणा एकटा पडला. वेस्टमाल्ले शेवटच्या थेंबापर्यंत एकसंध राहिली. चार घोटांसाठी मी तिला सोडणार नाही.

आडवाट

तळाचा गाळ ओतलात का? मित्राने मला शेवटी बाटली फिरवून गाळासकट ओतली होती, आणि माझं जर्दाळू बहुतेक त्यानंतरचं आहे.

खडीसाखर

नाही, गाळ बाटलीतच ठेवला, वेस्टमाल्लेचा ठेवते तसाच. अजून एक बाटली आहे. रविवारी गाळासकट ओतते आणि सांगते.