चर्चा: कार्बनची वही वेगळी आणि झाडापाखरांची वेगळी, हे कंपन्यांनी थांबवावं का?

खाडीकाठ
ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला टीटीसी या नवी मुंबईच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि आता डेटा सेंटर, दुसऱ्या अंगाला वस्ती आणि तिच्यापलीकडे ठाणे खाडी. २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तरी इथल्या बहुतेक कंपन्यांत हवामानबदल हा प्लांट इंजिनिअरचा विषय असतो आणि जैवविविधता सीएसआरवाल्यांचा, म्हणजे कंपनीचा समाजकार्याचा निधी सांभाळणाऱ्यांचा. दोघांची गाठ पडत नाही आणि एकाचं काम दुसऱ्याच्या मुळावर येतं.

बॉयलर फर्नेस ऑइलवरून ब्रिकेटवर, म्हणजे काडीकचरा किंवा लाकूड दाबून केलेल्या इंधनाच्या विटांवर, नेला की कागदावर कार्बन घटतो. पण ती ब्रिकेट शेतातल्या काडीकचऱ्याची की कोकणातल्या कुणाच्या मालकीच्या रानातल्या लाकडाची, हे कुणी विचारत नाही. उलट बाजूने, जूनमध्ये डोंगरउतारावर गिरिपुष्पाची रांगच्या रांग लावतात, कारण ते भराभर वाढतं आणि फोटोत हिरवं दिसतं. तिथे आधी गवत होतं, गवतात टिटव्या आणि चंडोल होते, त्यांची नोंद कुठेच होत नाही.

माझं म्हणणं एवढंच: पर्यावरणाच्या नावावरचा प्रत्येक खर्च दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारा असावा.

रबाळे_गाळा
मला हे पटत नाही. माझं छोटं युनिट आहे, गाळा भाड्याचा, वर सिमेंटचे पत्रे. सोलर लावा म्हणतात, पण पत्र्यांना तो भार झेपत नाही आणि मालक हात लावू देत नाही. सीएसआरचा दोन टक्क्यांचा कायदा मला लागू नाही. पर्यावरण आणि समाजाबद्दलच्या जबाबदारीचा सेबीचा बीआरएसआर अहवाल पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना. माझा माल घेणाऱ्या अशा कंपन्या मला एक्सेल पाठवतात: वीज किती, डिझेल किती. ते मी भरू शकतो, कारण एक टन कार्बन रबाळ्यातही टनच आणि रत्नागिरीतही टनच. पाखरांचं माप काय? आधी वीज आणि इंधन कमी करू, ते नीट जमू दे. दोन्ही एकदम म्हणाल तर दोन्ही राहील.

दिवाळ्याचा_कोळी
दादा, माप आहे. ओहोटीला चिखलात उतरलं की कळतं. निवटी (चिखलातले मासे) कुठे दिसतात, चिंबोऱ्यांची बिळं कुठून कुठपर्यंत आहेत. नाल्याच्या तोंडाशी वास उग्र असला की तिथे जाळं टाकत नाही, टाकून उपयोग नसतो. पहिल्या जोराच्या पावसात नाल्याला रंग येतो, तो कुठून येतो हे तुम्हीही जाणता. तिवरांची, म्हणजे खारफुटीची, श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांना पॅकिंगच्या पिवळ्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. भरतीत अडकतात, ओहोटीत सुटत नाहीत. त्या आमच्या घरातून गेलेल्या नाहीत.

खारफुटीच्या चिखलाला हवा लागत नाही, म्हणून पालापाचोळा कुजायला खूप वेळ लागतो आणि कार्बन तिथेच गाडला जातो. म्हणजे तुमचा टन आणि आमची चिंबोरी एकाच चिखलात आहेत. सांडपाणी नीट साफ करून सोडलं तर दोन्ही वाचतात.

वाशीचा_रहिवासी
दोन्ही नेहमी एकत्र साधतं असं मात्र लोकांना सांगू नका. सिडकोने पावसाचं पाणी साठवायला होल्डिंग पाँड बांधले. त्यांत गाळ भरला, गाळात खारफुटी उगवली. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने खारफुटीला आणि भोवतीच्या पन्नास मीटरला संरक्षण आहे, त्यामुळे गाळ काढायला कोर्टाची परवानगी लागते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आला की पाणी दुकानांत शिरतं. हवामानबदलाशी जुळवून घ्यायचं तर पाँड खोल हवेत, जैवविविधता म्हणते झाड तोडू नका. इथे निवड करावीच लागते, आणि ती कंपनीने नाही, शहराने करायची असते.

खाडीकाठ
पाँडचं खरं आहे. तिथे किती भाग मोकळा करायचा आणि बदल्यात कुठला चिखल कायमचा राखायचा, हे उघडपणे ठरवावं. गुपचूप भराव टाकण्यापेक्षा ते शंभरपट बरं. पण तो अपवाद नियम म्हणून वापरू नका. हवामानबदलावरचं आयपीसीसी आणि जैवविविधतेवरचं आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये एकत्र बसून हेच मांडलं: फक्त कार्बन बघून केलेले उपाय, म्हणजे एकाच जातीची लागवड किंवा इंधनासाठीची पिकं, निसर्गाला मारक ठरू शकतात, निसर्ग राखण्याच्या उपायांनी मात्र बहुतेक वेळा हवामानालाही हातभार लागतो. म्हणून सुरुवात त्या बाजूने करा. आधी ईटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट, चोवीस तास चालवा, रात्रीसुद्धा. नाल्यावर जाळी बसवा. मग रोपं लावायचीच असतील तर करंज, उंबर, काटेसावर लावा आणि तीन वर्षांनी किती जगली ते छापा.

रबाळे_गाळा
ईटीपीबद्दल वाद नाही, तो चाललाच पाहिजे. ब्रिकेटवाल्याकडून माल कशाचा आणि कुठल्या तालुक्यातला हे लेखी मागतो, पुढच्या ऑर्डरच्या आधी. पण तो म्हणेल काडीकचऱ्याचा माल महाग पडतो, आणि तो फरक आज माझ्या खिशातून जातो. मोठ्या कंपन्या माझ्याकडून शून्य कार्बनचा माल मागतात आणि भाव जुनाच देतात. एक्सेलमध्ये इंधनाच्या उगमाचा रकाना वाढवा आणि त्याबरोबर दरही वाढवा. तोवर छोट्या युनिटला दोन्ही प्रश्न एकदम सोडव म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

दिवाळ्याचा_कोळी
दर वाढवून मागा, आम्ही तुमच्या बाजूने बोलू. पट्ट्यांचं मात्र उद्यापासून बघा, त्याला कुणाच्या दराची वाट बघावी लागत नाही.